वडिलांच्या बद्धकोष्ठासाठी जमालगोटा घरी शुद्ध करून द्यावा का?

प्रश्न थोडक्यात असा. वडील ७२ वर्षांचे. वर्षभर पोट नीट साफ होत नाही, बाजारातली दोन-तीन चूर्णं घेऊन झाली. ओळखीच्या एका गृहस्थांनी काष्ठौषधींच्या दुकानातून जमालगोट्याच्या बिया आणून दिल्या आणि सांगितलं, की दुधात उकळून शुद्ध करा, वाळवा, पूड करून चिमूटभर गुळात द्या, आतडं स्वच्छ होईल. वडिलांना रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन-हायड्रोक्लोरोथायझाइडची एकत्र गोळी आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू आहे. शेवटी आणखी एक शंका विचारली आहे: गॅलरीतल्या कुंडीत रंगीत पानांचा क्रोटन आहे, तो आणि जमालगोटा एकच का?

उत्तर आधी सांगतो. देऊ नका. शुद्ध करून, चिमूटभर, गुळात, कसंही देऊ नका. मी वैद्य आहे, रसशास्त्रातली (पारा, धातू, खनिजं यांपासून केलेली) औषधं वापरतो आणि जमालगोटा असलेले कल्पही, म्हणजे तयार औषधंही, योग्य रुग्णाला देतो. तरीही ही बी घरात हाताळू नये असं मला ठामपणे वाटतं. त्यामागची कारणं आता सविस्तर सांगतो. त्यातलं निम्मं आपल्याच ग्रंथांत आहे आणि निम्मं प्रयोगशाळांतून आलेलं आहे. दोन्ही बाजू एकाच ठिकाणी येऊन थांबतात.

जमालगोटा, म्हणजे ग्रंथांतला जयपाल किंवा जेपाळ, ही क्रोटन टिग्लियम या झुडपाची बी. झुडूप एरंडाच्या कुळातलं. मूळ दक्षिण आणि आग्नेय आशियातलं. आपल्याकडे बंगाल, आसामच्या बाजूला जास्त. महाराष्ट्रात रानोमाळ सहज दिसत नाही. वनौषधी उद्यानात एखादं पाहायला मिळतं, बाकी आपल्याला भेटते ती दुकानातली बी. झाड पुरुष-दीड पुरुष उंचीपासून लहान वृक्षाएवढं होतं. पानं पातळ, कडेला बारीक दाते असलेली, जून झाली की तांबूस-पितळी छटा धरतात. फुलं अगदी साधी, हिरवट. एकाच तुऱ्यात वर नरफुलं, खाली मादीफुलं. फळ तीन कप्प्यांचं आणि प्रत्येक कप्प्यात एक बी. एरंड ज्यांनी पाहिला आहे त्यांना ही रचना लगेच ओळखीची वाटेल.

आपल्या विरेचनाच्या, म्हणजे जुलाबावाटे पोट साफ करण्याच्या, परंपरेत या एकाच कुळाने किती द्रव्यं दिली आहेत ते पाहा. सौम्य टोकाला एरंडेल. पुढे दंतीचं मूळ. मग जेपाळाची बी. आणि थोर निवडुंगाचा, म्हणजे स्नुहीचा चीक. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात श्रेष्ठ द्रव्यांची यादी आहे. त्यात सुखाने होणाऱ्या विरेचनासाठी निशोत्तर, मृदू विरेचनासाठी बहावा आणि तीक्ष्ण विरेचनासाठी स्नुहीचा चीक सांगितला आहे. मृदू आणि सुखकर ही दोन्ही स्थानं एरंडाच्या कुळाबाहेरच्या वनस्पतींना मिळाली, तीक्ष्णाचं स्थान मात्र याच कुळाकडे गेलं. दंती आणि द्रवंती यांच्यासाठी चरकांनी कल्पस्थानात वेगळा अध्याय लिहिला. जेपाळाची बी खऱ्या अर्थाने वापरात आली ती पुढे, रसग्रंथांच्या काळात.

इथे नावांचा एक मोठा घोळ आहे आणि तो निस्तरल्याशिवाय पुढे जाता येत नाही. जुन्या निघंटूंत, म्हणजे वनस्पतींच्या कोशांत, जेपाळाला दंतीबीज म्हटलं आहे. पण दंती म्हणून आपण आज जी वापरतो ती बालिओस्पर्मम ही वेगळी वनस्पती. तिचं मूळ वापरतात. त्यामुळे दंतीबीज मागितलं तर हातात काय पडेल हे दुकानावर अवलंबून राहतं. दुसरा घोळ याहून धोक्याचा. आपल्याकडे शेताच्या बांधाला, कुंपणाला जो मोगली एरंड लावतात, ज्याला चंद्रज्योत किंवा रतनज्योत म्हणतात, त्यालाही काही भागांत जमालगोटा म्हणतात. तो मुळात अमेरिका खंडातला. २००० नंतरच्या दशकात जैवइंधनासाठी त्याची लागवड फार वाढली. त्याची बी मोठी, काळी, आतला गर बदामासारखा पांढरा आणि चवीला बरा. म्हणूनच शाळेच्या आसपासची पोरं तो खातात आणि संध्याकाळी ओकाऱ्या-जुलाबांनी रुग्णालयात येतात. ग्रामीण भागात काम केलेल्या बहुतेक डॉक्टरांनी हे पाहिलेलं असतं.

तेव्हा तुमच्या पुडीत नेमकं काय आहे, हा पहिला प्रश्न. एरंडाची बी गुळगुळीत, चकचकीत आणि नक्षीदार असते, टोकाला ठळक बोंड असतं. जेपाळाची बी साधारण तेवढीच, पण निस्तेज, दालचिनीच्या रंगाची. साल घासली गेली की खालचा काळा थर दिसतो. टोकाचं बोंड बारीक असतं आणि बहुधा गळून गेलेलं असतं. मोगली एरंडाची बी या दोन्हींहून लांबट आणि काळी. ही वर्णनं केवळ माहितीसाठी आहेत. ओळख पटवण्यासाठी बी फोडू नका आणि जिभेला तर मुळीच लावू नका.

आता गॅलरीतला क्रोटन. तो कोडियम व्हेरिगेटम. कुळ हेच, पण प्रजाती वेगळी. मोलुका बेटांपासून ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकापर्यंतचा हा रहिवासी. पानांच्या रंगांसाठी जगभर कुंड्यांत गेला. पूर्वी त्याला क्रोटन याच प्रजातीत धरत, म्हणून रोपवाटिकांत तेच नाव टिकलं. त्याच्यापासून जमालगोटा मिळत नाही. चीक मात्र त्यालाही आहे. छाटणी करताना तो हाताला लागला तर काहींना खाज येते, पुरळ उठतं, आणि पान चावलं तर तोंडाची आग होते. रांगतं बाळ किंवा कुत्र्याचं पिल्लू घरात असेल तर कुंडी उंचावर ठेवा, छाटल्यावर हात साबणाने धुवा. एवढी काळजी पुरे, झाड काढून टाकायची गरज नाही.

मूळ मुद्द्याकडे येतो. जमालगोटा एरंडेलासारखाच, फक्त जरा जोरात चालणारा, अशी समजूत आहे. तुमच्या त्या गृहस्थांचीही तीच दिसते. दोन्हींत फरक जोराचा नाही, प्रकाराचा आहे.

एरंडाच्या बीत रायसिन हे भयंकर विष असतं. पण ते प्रथिन आहे, पाण्यात विरघळणारं, तेलात न उतरणारं. बी दाबून तेल काढलं की विष पेंडीत राहतं, आणि उष्णतेने ते निकामीही होतं. म्हणून एरंडाची बी विषारी आणि एरंडेल मात्र आजीच्या कपाटात. जेपाळाच्या बीतही क्रोटिन नावाची विषारी प्रथिनं आहेत आणि तीही उष्णतेने मोडतात. पण जेपाळाचं खरं तीक्ष्णत्व त्या प्रथिनांत नाही. ते फोर्बॉल एस्टर नावाच्या संयुगांत आहे, आणि ती संयुगं तेलातच विरघळलेली असतात. इथे विष पेंडीत मागे राहत नाही, तेलाबरोबर येतं. हे तेल एकोणिसाव्या शतकात युरोपातले डॉक्टरही साखरेवर किंवा पावाच्या गोळीत थेंबाच्या मापाने देत असत. पुढे त्यांनी ते सोडून दिलं, कारण उपयोगाचा थेंब आणि अपायाचा थेंब यांत फार अंतर नव्हतं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलाने पाणतीराच्या इंधनातला अल्कोहोल खलाशांनी पिऊ नये म्हणून त्यात हे तेल मिसळल्याच्या नोंदी आहेत. माणसं घाबरून दूर राहावीत म्हणून वापरलेलं हे द्रव्य आहे, हे लक्षात घ्या.

फोर्बॉल एस्टर शरीरात काय करतात हे समजायला बराच काळ गेला. पेशीला बाहेरून संदेश मिळाला की तिच्या आवरणात डायअसिलग्लिसेरॉल नावाचा एक छोटा रेणू तयार होतो. तो प्रोटीन कायनेज सी या विकराला (एन्झाइमला) जागा करतो, काम झालं की लगेच मोडला जातो. जेपाळातले फोर्बॉल एस्टर या रेणूची हुबेहूब नक्कल करतात, पण मोडले मात्र लवकर जात नाहीत. नळ उघडावा आणि चावी काढून फेकून द्यावी, तसं होतं. आतड्याच्या अस्तराला सतत चिथावणी मिळत राहते. दाह होतो, पाणी आणि क्षार आतड्यात ओतले जातात, मुरडा येतो. जपानमध्ये कोबे इथे यासुटोमी निशिझुका यांच्या गटाने १९८२ मध्ये या नकलेचा उलगडा केला. गंमत नव्हे, पेशीविज्ञानाच्या एका मोठ्या दालनाची किल्ली या बीने दिली. आजही जगभरच्या प्रयोगशाळांत जेपाळापासून मिळालेलं टीपीए हे संयुग रोज वापरलं जातं.

त्याआधीचा शोध मात्र काळजीत टाकणारा होता. आयझॅक बेरेनब्लम यांनी १९४१ मध्ये उंदरांच्या कातडीवर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. कर्करोगकारक द्रव्याची अल्प मात्रा आधी लावायची, मग त्याच जागी जेपाळाचं तेल पुनःपुन्हा लावायचं. ज्या मात्रेने एरवी फारसं काही झालं नसतं, तिथे गाठी उठल्या. तेल स्वतः रोगाची सुरुवात करत नाही, पण सुरुवात झालेली असेल तर तिला वाढवतं. १९६०च्या दशकात जर्मनीत एरिख हेकर आणि इतरांनी त्यामागची संयुगं वेगळी काढली. यावरून एकदा जमालगोटा पोटात गेला की कर्करोग होतो, असा निष्कर्ष काढू नका. तसं सिद्ध झालेलं नाही. पण दर पंधरवड्याला ‘आतडं धुवायला’ ही बी घेणाऱ्यांना मी हा प्रयोग आवर्जून सांगतो. सत्तरी ओलांडलेल्या माणसाच्या मोठ्या आतड्यात आधीपासून काय आहे हे आपल्याला दिसत नसतं.

मग प्रश्न उरतो शुद्धीचा. ग्रंथांत शोधन सांगितलं आहे, मग ते घरी का करू नये?

रसशाळेत, म्हणजे आयुर्वेदिक औषधं बनवण्याच्या जागी, ते कसं होतं ते सांगतो. आधी बीचं कवच काढतात. मग डाळिंबी दोन भागांत फोडून मधलं पानासारखं पातळ अंकुर, ज्याला जिव्हा म्हणतात, ते एकेक करून उचलून टाकतात. उरलेला गर कापडाच्या पुरचुंडीत बांधून गाईच्या दुधात अधांतरी टांगतात, हे दोलायंत्र. साधारण एक प्रहर, म्हणजे तीन तास मंद आचेवर उकळतात. दूध फेकून देतात, गर गरम पाण्याने धुतात. काही ठिकाणी हे सगळं तीनदा करतात. मग लिंबाच्या रसात खलून नव्या कोऱ्या खापरावर लेप देतात, म्हणजे उरलेलं तेल माती शोषून घेते. वाळलं की खरवडून पुन्हा तेच, पूड कोरडी होईपर्यंत.

आता यातली प्रत्येक पायरी वरच्या रसायनशास्त्राशी जोडून पाहा. उकळल्याने क्रोटिन निकामी होतं. दुधातल्या स्निग्धांशात तेल आणि त्यातले फोर्बॉल एस्टर काही प्रमाणात उतरतात. खापर आणखी तेल ओढून घेतं. ज्यांनी हा विधी बसवला त्यांना रेणू माहीत नव्हते, पण दोष कुठे दडला आहे हे त्यांना पक्कं कळलेलं होतं: तेल घालवा. चीनमध्ये हीच बी बादोउ नावाने फार प्राचीन काळापासून औषधात आहे. तिथेही ती दळून, कागदात दाबून, तेल काढून घेऊनच वापरतात. एकमेकांपासून इतक्या दूर असलेल्या दोन परंपरांचा विधी एकाच जागी पोचतो, हे मला फार मोलाचं वाटतं. चिनी औषधसंहितेने त्या तेल काढलेल्या पुडीला मापही घालून दिलं आहे: उरलेलं तेल १८ ते २० टक्क्यांच्या दरम्यानच हवं. कमी पडलं तर औषध चालत नाही, जास्त राहिलं तर अपाय.

नेमकं हेच माप स्वयंपाकघरात नसतं. दोन टक्क्यांचा पट्टा डोळ्यांनी दिसत नाही, बोटांनी कळत नाही. दूध किती घेतलं, बिया जुन्या की ताज्या, आच किती, जिव्हा नीट निघाली का, यावर पूड बदलते. एकाच घरी दोनदा केलेली पूड सारखी येत नाही. आणि चिमूट हे तर मापच नव्हे. शास्त्रोक्त कल्पाची मात्रा गुंजेत मोजतात; एक गुंज म्हणजे साधारण १२५ मिलिग्रॅम, आणि त्यातही जेपाळ हा अनेक घटकांपैकी एक. चिमटीत याच्या दुप्पट-तिप्पट पूड सहज येते, तीही निव्वळ जेपाळाची.

शिवाय करणाऱ्याचं काय? रसशाळेत हे काम करणारी माणसं हातमोजे घालतात, तोंडाला कापड बांधतात, खलताना वाऱ्याच्या दिशेकडे पाठ करतात. तरीही बोटं सुजणं, डोळ्यांची आग होणं, चेहऱ्यावर लाली येणं हे मी पाहिलं आहे. तो हात चुकून डोळ्याला लागला तर बुबुळाला इजा होऊ शकते. ज्या पातेल्यात उकळलं ते पुन्हा दूध तापवायला वापरायचं का? ज्या मिक्सरमध्ये दळलं त्यात उद्या चटणी वाटायची का? आणि ते उरलेलं दूध मोरीत ओतण्याआधी मांजराने प्यायलं तर? घरात या प्रश्नांना सुरक्षित उत्तर नाही.

वैद्य मग जेपाळ देतात तरी केव्हा? देतात. इच्छाभेदी रस, अश्वकंचुकी रस, जलोदरारि रस, नाराच रस या कल्पांत तो असतो. जलोदरासारखी अवस्था, कोष्ठ अतिशय क्रूर (सहजासहजी जुलाब न होणारं), रुग्ण बलवान, सौम्य द्रव्यांनी काम न झालेलं, अशी परिस्थिती जुळून आली तर आणि रुग्ण डोळ्यांसमोर ठेवूनच. इच्छाभेदीविषयी परंपरेत सांगतात की गार पाणी प्यायलं की वेग सुरू राहतात आणि गरम पाण्याने थांबतात. ही सूचना ऐकून लोकांना वाटतं की सगळं आपल्या इच्छेवर आहे. तसं नाही. कोमट पाण्याने न थांबलेले वेग शिरेतून सलाइन देऊन सांभाळावे लागल्याचे रुग्ण मी पाहिले आहेत. त्यांनी जत्रेतून किंवा रस्त्याकडेच्या जडीबुटीवाल्याकडून पुडी घेतलेली होती. भारताच्या औषध नियमांच्या ई(१) या परिशिष्टात आयुर्वेदातली विषद्रव्यं दिली आहेत, त्यात जेपाळ आहे. अशा द्रव्यांपासून केलेल्या पोटात घ्यायच्या औषधावर ‘वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे’ अशी सूचना छापणं बंधनकारक आहे. आणि यातले बहुतेक कल्प पाऱ्या-गंधकाचे असल्यामुळे ते घरी आणून ठेवायचे नसतातच.

आता वडिलांकडे वळू. विरेचन हा शरीराच्या शोधनाचा, म्हणजे शरीर आतून साफ करण्याचा उपचार आहे. आधी स्नेहपान (औषधी तूप-तेल पिणं), मग स्वेदन (घाम आणणं), मग विरेचन, आणि नंतर पेज, विलेपी (घट्ट पेज) अशा क्रमाने आहार पूर्वपदावर आणायचा. रोज पोट साफ न होणं ही वेगळी तक्रार आहे आणि तिला रोजच्या स्वभावाचा उपाय लागतो. तीक्ष्ण विरेचनाने एक दिवस पोट मोकळं होतं, मग अस्तर दुखावलेलं असतं, वात वाढलेला असतो आणि पुढचे चार दिवस शौचाला होतच नाही. मग माणूस पुन्हा पुडी मागतो. वृद्ध, दुर्बल, गर्भिणी, बालक, मूळव्याधीतून रक्त जाणारा, गुदभ्रंशाचा रुग्ण यांना तीक्ष्ण विरेचन देऊ नये असं शास्त्रानेच बजावलं आहे.

त्यात त्यांच्या गोळ्या. हायड्रोक्लोरोथायझाइड लघवीवाटे पाणी आणि पोटॅशियम कमी करतं. जुलाबही तेच करतात. दोन्ही एकत्र आले की पोटॅशियम घसरतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. शरीरातलं पाणी आटलेलं असताना टेल्मिसार्टन चालू राहिलं तर मूत्रपिंडावर एकदम ताण येतो, आणि मूत्रपिंड मंदावलं की मेटफॉर्मिन साठतं. तरुण धडधाकट माणूस ज्यातून दोन दिवसांत सावरतो, त्यातून ७२ वर्षांचा मधुमेही थेट अतिदक्षता विभागात जाऊ शकतो.

तेव्हा आधी कारण शोधा. पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेला आणि वर्षभर टिकलेला मलावरोध तपासल्याशिवाय सोडू नये. शौचावाटे रक्त, विनाकारण घटणारं वजन, रक्त कमी होणं, मलाची धार बारीक होणं, कधी जुलाब कधी बद्धकोष्ठ असा पालट, किंवा घरात कुणाला आतड्याचा कर्करोग झालेला असणं, यातलं काहीही असेल तर डॉक्टर दुर्बिणीने आतडं तपासायला सांगतील. ते टाळू नका. थायरॉइड, कॅल्शियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन या साध्या रक्ततपासण्या कराव्यात. जुन्या मधुमेहात आतड्याच्या नसा मंदावतात, तोही विचार हवा. कंपवाताची सुरुवात कधीकधी बद्धकोष्ठानेच होते.

मग गोळ्यांची यादी काढा, न सांगता घेतलेल्यांसकट. लोह, कॅल्शियम, ॲल्युमिनियमचे आम्लपित्ताचे पातळ औषध, ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामकं, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, झोपेसाठी दिलेलं अमिट्रिप्टिलिन, हे सगळे मल कोरडा करतात. पाण्याबद्दल वडिलांना एकट्यात विचारा. या वयाचे पुष्कळ पुरुष प्रोस्टेटच्या त्रासामुळे, रात्री उठावं लागू नये म्हणून, दुपारनंतर पाणीच पीत नाहीत, आणि हे मुलांना सांगत नाहीत. दातांचंही विचारा. दात गेले की भाकरी, कोशिंबीर, पालेभाजीची देठं सुटतात आणि ताटात मऊ भात, चहात बुडवलेलं बिस्कीट उरतं. माझ्याकडे येणाऱ्या वृद्धांत याच दोन गोष्टी सगळ्यांत जास्त सापडतात, आणि दोन्ही बोलल्याशिवाय कळत नाहीत.

उपाय साधेच आहेत, पण रोज करायचे आहेत. पाणी सकाळपासून दुपारपर्यंत भरपूर, संध्याकाळी मोजकं. हृदय किंवा मूत्रपिंडासाठी पाण्याचं बंधन असेल तर डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच. सकाळी कोमट पाणी, थोडं चालणं, मग नाश्ता आणि नाश्त्यानंतर पंधरा-वीस मिनिटांत शौचाला बसणं. खाल्ल्यावर मोठं आतडं आपोआप हलतं, ती वेळ वाया घालवू नये. कमोड असेल तर पायांखाली पाटासारखा ठोकळा ठेवा, गुडघे कमरेच्या वर येऊ द्या. ज्वारीची भाकरी पेजेसारखी मऊ करून, शिजवलेली पालेभाजी, पपई, ताक, जेवणात एक चमचा तूप.

औषध लागलंच तर इसबगोल, पूर्ण पेलाभर पाण्यातून आणि इतर गोळ्यांपासून दोन तासांच्या अंतराने. कमी पाण्यात घेतलेलं इसबगोल स्वतःच अडकतं. गिळायला त्रास असेल, पोट फुगलेलं असेल तर ते नको. त्रिफळा, गंधर्वहरीतकी किंवा एरंडभृष्ट हरीतकी वैद्याने प्रकृती पाहून ठरवावी. एरंडेल एखाद्या वेळी सुंठीच्या काढ्यातून चालतं, रोज नाही. आधी घेतलेल्या चूर्णांच्या डब्या पाहा. त्यांत सोनामुखी हा रेचक पाला असण्याची शक्यता मोठी आहे. महिनोन्महिने घेतली असेल तर ती एकदम न सोडता हळूहळू कमी करावी लागते. डॉक्टरांनी लॅक्ट्युलोज किंवा पॉलिएथिलीन ग्लायकॉल दिलं तर आयुर्वेदाच्या अभिमानापोटी नाकारू नका. या वयात ती सौम्य आणि सोयीची औषधं आहेत.

जेपाळाच्या बाहेरून लावण्याच्या वापराबद्दलही लगे हाथ सांगून टाकतो, कारण बी घरात आली की तेही कुणीतरी सुचवतं. चाईवर, विंचवाच्या दंशावर, सांध्यांवर बी उगाळून लावतात. लिंगावर लावायच्या तेलांतही ती सापडते. तिथे फोड येतात, कातडी सोलते, डाग राहतात. साप चावलेल्या माणसाच्या डोळ्यांत जेपाळाचं अंजन घालण्याची चाल काही ठिकाणी अजून आहे. तिने विष उतरत नाही, डोळा मात्र जातो आणि प्रतिविष मिळण्याचा वेळही जातो. सर्पदंश झाला तर सरळ रुग्णालय गाठा.

कुणाच्या पोटात बी किंवा पूड गेलीच असेल तर तोंड-घशाची आग, मळमळ, ओकाऱ्या, पोटात पीळ आणि पाण्यासारखे, कधी रक्तमिश्रित जुलाब अशी लक्षणं येतात. लक्षणांची वाट पाहू नका. बोटं घालून किंवा मिठाचं पाणी पाजून ओकारी काढू नका, कारण तेल दुसऱ्यांदा घसा भाजत वर येतं. जुलाब थांबवायची गोळी मनाने देऊ नका. माणूस शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल तर जलसंजीवनीचे छोटे घोट द्या, १०८ ला फोन करा आणि उरलेल्या बिया बंद डब्यात बरोबर न्या. जेपाळ, एरंड की मोगली एरंड हे डॉक्टरांना कळलं तर उपचाराची दिशा ठरवायला मदत होते. यावर उतारा नाही, पाणी-क्षार भरून काढणं आणि लक्ष ठेवणं हाच उपचार. दिल्लीच्या एम्समधलं राष्ट्रीय विष माहिती केंद्र चोवीस तास डॉक्टरांना आणि नागरिकांना सल्ला देतं. कातडीला लागलं तर साबण आणि भरपूर पाणी, कारण नुसत्या पाण्याने तेल निघत नाही. डोळ्यात गेलं तर वाहत्या स्वच्छ पाण्याने किमान पंधरा मिनिटं धुवून लगेच नेत्रतज्ज्ञांकडे.

आता तुमच्याकडची पुडी. ती मसाल्याच्या डब्यांजवळ ठेवू नका. जाळू नका, धूर डोळ्यांना आणि छातीला झोंबतो. परसात टाकू नका, ती रुजू शकते आणि शेळ्या-कोंबड्यांच्या तोंडी जाऊ शकते. घट्ट झाकणाच्या डब्यात घालून, वर ‘विषारी बी’ असं लिहून, जवळच्या आयुर्वेद महाविद्यालयाच्या द्रव्यगुण (औषधी वनस्पतींच्या) विभागात नेऊन द्या. विद्यार्थ्यांना ओळख करून देण्यासाठी असे नमुने तिथे लागतात, आणि तुमच्या पुडीत खरंच जेपाळ होता की आणखी काही, हेही तुम्हाला तिथे कळेल. त्याच फेरीत वडिलांना तिथल्या कायचिकित्सा विभागात (जिथे पोटात घ्यायच्या औषधांनी उपचार होतात) दाखवा. जाताना सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या, चूर्णांच्या डब्या आणि गेल्या सहा महिन्यांतले रक्ताचे अहवाल एका पिशवीत बरोबर घ्या.